मिनिटभराची सज्जन गाडी

महाराष्ट्रात गाडीची मनापासून देखभाल वर्षातून एकदा होते, ती दसऱ्याला. त्या सकाळी शांपूची अर्धी बाटली संपते, एरवी चिखलाशी एकरूप झालेली चाकं पुन्हा चाकांसारखी दिसू लागतात, पुढच्या जाळीवर झेंडूचा हार चढतो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक उमटतं आणि टायरखाली लिंबू ठेवून गाडी हातभर पुढे घेतली जाते. या सगळ्या सोहळ्यात बॉनेट मात्र उघडलं जात नाही. कुंकू बॉनेटच्या वर लागतं, खाली नाही. दोन क्लिपा काढल्या की हातात येणारा एअर फिल्टर गेल्या तीन दसऱ्यांची धूळ सांभाळत आत बसलेला असतो आणि त्याच्या नशिबी एक पाकळीही नसते. दुसरा सोहळा पीयूसीचा, म्हणजे प्रदूषण तपासणीच्या प्रमाणपत्राचा. तोही बाहेरून आटोपतो. फरक इतकाच की पहिला गाडीच्या तोंडाकडून होतो आणि दुसरा मागून. माझं म्हणणं असं आहे की पीयूसीच्या कागदात फारसा अर्थ नाही. अर्थ असलाच तर तो कागद मिळवण्याआधी गाडीची जी तयारी करावी लागेल तिच्यात आहे. आणि आपल्याकडे ती तयारी न करताही कागद मिळतो, ही सवलत आपण आपल्याच खिशातून विकत घेतो.

आधी नियम पाहू, कारण तो बहुतेकांना वाटतो त्याहून साधा आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११५ वा नियम सांगतो की नोंदणीला एक वर्ष झालं की प्रत्येक गाडीकडे चालू प्रमाणपत्र हवं. जुन्या गाड्यांना ते सहा महिने चालतं, बीएस-४ आणि बीएस-६ या नव्या उत्सर्जन मानकांच्या गाड्यांना बारा महिने. विजेच्या गाडीला त्यातून सुटका आहे, कारण तपासणीची नळी घालायची तर तिथे सायलेन्सरच नाही. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात किंवा रस्त्याकडेच्या झाडाखाली एक जुनी व्हॅन उभी असते, तिच्यात संगणक, प्रिंटर, टेबलफॅन आणि त्या फॅनसमोर बसलेला एक तरुण. २०२१ पासून देशभर प्रमाणपत्राचा नमुना एकच झाला. त्यावर क्यूआर कोड आला, नंबर प्लेट दिसेल असा गाडीचा फोटो आला, मालकाच्या मोबाइलवर ओटीपी आला. गाडी घेऊन गेलेला असतो मुलगा, मोबाइल असतो बँकेत कामावर असलेल्या बाबांकडे, आणि बाबा असतात मीटिंगमध्ये. शेवटी ओटीपी येतो, कळवला जातो, मुदत संपल्यामुळे पुन्हा मागवला जातो. गाडी कोणाची आहे याबद्दल शासनाची शंभर टक्के खात्री पटेपर्यंत कोणी जागचं हलत नाही. सायलेन्सरमधून काय बाहेर पडतंय, याबद्दलचं कुतूहल मात्र त्यामानाने लवकर शमतं.

किती लवकर, याचा पुरावा सरकारनेच दिला आहे. दिल्लीतल्या वाहनांच्या प्रदूषणाबद्दलचा कॅगचा अहवाल २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत मांडला गेला. त्यात शहात्तर हजारांहून अधिक अशा नोंदी होत्या, ज्यांत गाडी तपासून प्रमाणपत्र हातात पडेपर्यंतचं सगळं काम एका मिनिटात उरकलं होतं. एक लाखाहून अधिक गाड्यांचे आकडे मर्यादेच्या वर असूनही त्या उत्तीर्ण झाल्या होत्या. काही ठिकाणी तर एकाच केंद्रात एकाच वेळी एकाहून अधिक गाड्या तपासल्या गेल्या होत्या. ही दिल्लीची गोष्ट, असं म्हणून आपण सुटकेचा निःश्वास टाकायला हरकत नाही. फक्त निःश्वास टाकताना आपल्याकडे तसा हिशेब कोणी मांडलाय का, हे विचारू नये. आता बीएस-४ पेट्रोल गाडीच्या चाचणीत काय काय करायचं असतं ते पाहा. इंजिन गरम हवं. मग ते नुसतं चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजायचे. मग रेस देऊन मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्यांवर धरायचं आणि पुन्हा मोजायचं. हे सगळं, शिवाय फोटो, ओटीपी, सुटे पैसे आणि ‘काका, गाडी जरा पुढे घ्या’, एका मिनिटात बसवणं ही कार्यक्षमता आपल्या इतर कुठल्याही खात्यात आढळलेली नाही.

गावातल्या शाळेत पूर्वी डेप्युटी तपासणीला येत, तेव्हा असाच कारभार चाले. आठवडाभर आधी निरोप यायचा, भिंतींना चुना लागायचा, हुशार मुलं पहिल्या बाकावर यायची, नाकातून शेंबूड गळणाऱ्यांना ‘आज घरी राहा’ असं सांगितलं जायचं. डेप्युटीसाहेब खूश होऊन परतायचे आणि दुसऱ्या दिवशी शाळा आपल्या मूळ पदावर. त्या तपासणीने मुलं हुशार झाली नाहीत, हे खरं. पण भिंतींना चुना लागला, हेही खरं. पीयूसीची गंमत अशी की इथे तो चुनासुद्धा लागत नाही, कारण डेप्युटी येऊन गेल्याचं पत्रक शाळेला घरपोच मिळतं.

तपासनीस दिसला की शहाणं व्हायचं, ही विद्या फक्त व्हॅनवाल्या तरुणाला येते असं मात्र कोणी समजू नये. तिचा जागतिक विक्रम जर्मनांच्या नावावर आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजणीची यंत्रं गाडीतच चढवली आणि ती प्रयोगशाळेऐवजी रस्त्यावर पळवली. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. त्या धाग्यावरून सप्टेंबर २०१५ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगनला नोटीस धाडली. डिझेल इंजिनाच्या संगणकात अशी प्रणाली होती की स्टिअरिंग किती हलतंय, वेग काय, इंजिन किती वेळ चालू आहे यावरून तिला कळायचं, आपली परीक्षा चाललीय. मग ती सभ्य व्हायची. रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत. जगभरात अशा सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या निघाल्या. या प्रकरणाचं एक टोक पुण्यात आहे. कोथरूडकर सकाळी फिरायला जातात त्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, इतकी जुनी की टेकडीलाही लोक तिच्याच नावाने ओळखतात. तिने भारतातल्या या गाड्या रस्त्यावर तपासल्या, आकडे बीएस-४ च्या मर्यादेच्या वर गेले आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीला परत बोलवायचं जाहीर केलं. नियम मोडल्याचं कंपनीने मान्य केलं नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला, तेव्हा कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. एवढे अभियंते, एवढं गणित आणि एवढा खर्च करून त्यांनी जे साधलं, ते आपल्याकडचा माणूस यंत्राची नळी सायलेन्सरच्या तोंडाशी नुसती टेकवून साधतो. स्वदेशी तंत्रज्ञान म्हणतात ते हेच.

मग खरी तयारी म्हणजे काय? मला इथे थोडं रेंगाळावंसं वाटतं, कारण या विषयावरचं आपलं लोकज्ञान अर्धं बरोबर असतं आणि नेमकं चुकीचं अर्धं जास्त आवडीचं असतं. पेट्रोल नीट जळायला वजनाने एक भाग पेट्रोल आणि सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर पडतं, यंत्र त्याला हायड्रोकार्बन म्हणतं. म्हणजे पीयूसीचा कागद मुळात तुम्ही पंपावर पैसे मोजून घेतलेल्या आणि न वापरता हवेत सोडून दिलेल्या पेट्रोलचा हिशेब आहे. हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सगळं सोपं. झिजलेला प्लग बदला, हायड्रोकार्बन उतरतो. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत तुंबलेला फिल्टर थेट मिश्रण बिघडवतो. इंजेक्शनच्या गाडीत संगणक बऱ्यापैकी सांभाळून घेतो, पण पिकअप मरतो तो मरतोच. ऑक्सिजन सेन्सर थकला की संगणकाला अंदाज येत नाही आणि तो अंदाज न येणाऱ्या आचाऱ्यासारखं जास्तीचं ओतत राहतो. धूर काळा असेल तर इंधन जास्त, निळसर असेल तर इंजिन ऑइल पितंय. थंडीच्या सकाळी पांढरट वाफ निघत असेल तर ती बहुधा वाफच असते. तिच्यासाठी मेकॅनिकला उठवू नये.

‘गाडी गरम करून आणा’ असं केंद्रातला तरुण सांगतो, तेव्हा तो शंभर टक्के शास्त्रीय बोलत असतो. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय कामालाच लागत नाही. थंड गाडीतून निघणारा धूर त्याच्यातून जसाच्या तसा पार होतो. तेव्हा पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून यावं, आणि रांगेत असताना इंजिन फार वेळ बंद ठेवू नये. याउलट, सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या-उभ्या अर्धा तास रेस देऊन ‘कार्बन जाळणं’ हा प्रकार शेजाऱ्यांना जाळण्यापुरता परिणामकारक आहे. तपासणीच्या दिवशी टाकीत ओतायच्या जादूच्या बाटल्यांवरही लोकांचा फार विश्वास. इंजेक्टर स्वच्छ करणारी रसायनं असतात, नाही असं नाही. पण तीन वर्षं झिजलेला प्लग सकाळी साडेनऊला ओतलेल्या बाटलीने पावणेदहाला तरुण होत नाही. सगळ्यात अन्यायकारक गोष्ट सडक्या सायलेन्सरची. त्याला भोक पडलेलं असेल तर बाहेरची हवा आत शिरते, धूर पातळ होतो आणि आकडा कमी येतो. म्हणजे आवाजाने गल्ली जागी करणारी गाडी कागदावर जास्त शुद्ध. म्हणूनच नव्या गाड्यांच्या चाचणीत हवा-इंधनाचं प्रमाणही बघायचं असतं. योग्य प्रमाण एक धरलं तर ते त्याच्या पुढेमागे ०.०३ इतकंच हलू शकतं. ते बघितलं तर भोकाचं बिंग फुटतं. बघितलं तर.

डिझेलची परीक्षा वेगळी आणि जास्त नाट्यमय. तिथे गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर खालपर्यंत दाबायचा, पुन्हा सोडायचा, पुन्हा दाबायचा, आणि धुरातून प्रकाश किती अडतो ते मोजायचं. मालकाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे भाव असतात ते एरवी फक्त शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर दिसतात. ‘इंजिन बसेल हो!’ मग पाय अर्ध्यावरच थांबतो, धूर अर्धाच निघतो आणि सगळे समाधानी होतात. वस्तुतः वेळेवर ऑइल आणि टायमिंग बेल्ट बदललेलं इंजिन या चाचणीने बसत नाही, आणि ज्याला बसायची भीती आहे त्याचा मालक पीयूसीला नव्हे, आपल्या सर्व्हिसिंगच्या वहीला घाबरलेला असतो.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आणि सर्वात लाडका आक्षेप प्रत्येक सिग्नलला ऐकू येतो: ‘तो समोरचा डंपर बघा, आणि माझ्या पिटुकल्या गाडीला पीयूसी विचारता!’ डंपर खरोखरच काळाकुट्ट धूर ओकत असतो, तेव्हा आक्षेपातलं वर्णन मान्य. निष्कर्ष मान्य नाही. शेजाऱ्याने कचरा रस्त्यावर टाकला म्हणून आपल्या स्वयंपाकघरातला ओला कचरा आत जपून ठेवणारा माणूस पाहण्यात नाही. डंपरला पकडावंच, पण तुमचं न जळलेलं पेट्रोल डंपरवाल्याने विकत घेतलेलं नसतं.

दुसरा आक्षेप जास्त सुशिक्षित: ‘आमची गाडी बीएस-६ आहे.’ हे वाक्य आमचा मुलगा आयआयटीत आहे या चालीवर म्हटलं जातं. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं, मधली पाचवी इयत्ता आपण सरळ गाळली आणि इंधनातलं गंधक दहा लाखांत दहा भागांवर आलं, हे सगळं कौतुकास्पद आहे. पण बीएस-६ हा गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाचा दाखला. त्यानंतर तुम्ही तिला काय खायला-प्यायला घातलंत ते त्यात नसतं. ठिणगी चुकत असताना तशीच पळवली तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो. त्यात पॅलेडियम, ऱ्होडियम असले महाग धातू असतात. नवा घालताना ते तुम्हाला बिलावर भेटतात. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो अधूनमधून स्वतःला तापवून काजळी जाळून टाकतो, पण त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. घर ते भाजी मंडई आणि मंडई ते घर एवढंच जग पाहिलेली डिझेल गाडी शेवटी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावते. त्या दिव्यावर देवाचा फोटो चिकटवणं हा उपाय उत्पादकाच्या पुस्तिकेत नाही.

तिसरा आक्षेप खरा वजनदार. जाणकार म्हणतात की पीयूसी मूळ रोगाला हातच लावत नाही: छातीत जाणारे सूक्ष्म कण ती मोजत नाही, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाही, फक्त उभ्या गाडीचा धूर बघते. हे तिन्ही मुद्दे बरोबर आहेत आणि त्यांवर काम चालू झालंय. नव्या मॉडेलांना एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावर यंत्र लावून चाचणी द्यावी लागते. चालत्या गाडीचा धूर रस्त्याकडेच्या किरणांनी मोजायचा प्रयोग कोलकात्याने केलेला आहे. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत १९९६ नंतरच्या गाडीला तपासनीस सरळ केबल जोडतो आणि तिच्या संगणकालाच विचारतो, काय होतंय? आदल्या रात्री बॅटरी काढून डॅशबोर्डवरचा बिघाडाचा दिवा घालवला असेल तर संगणक तेही सांगून टाकतो. आपल्याकडच्या गाड्यांतही तो संगणक बीएस-४ पासून आहे; फक्त त्याला पीयूसीच्या वेळी कोणी काही विचारत नाही. तेव्हा चाचणी अपुरी आहे, कबूल. पण अपुऱ्या चाचणीवर उपाय ती आणखी पुरी करणं हा असतो. ‘पेपरात भूगोल नाही म्हणून मी गणितातही कॉपी केली’ हा युक्तिवाद मंडळाने अजून स्वीकारलेला नाही.

राहिला कठोरपणाचा मुद्दा. रिक्षावाला, टेम्पोवाला यांच्यावर हे ओझं कशाला? हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही, कारण नुसत्या दंडाने काय होतं याचा दाखला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पीयूसी नसल्याचा दंड दहा हजारांपर्यंत नेला. त्याआधी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसी नसेल तर विमा नको, असं ठरवलं होतं. पुढे विमा कंपन्यांच्या परिषदेने न्यायालयात सांगितलं की या अटीमुळे कित्येक गाड्या विम्याशिवायच रस्त्यावर आहेत, आणि २०२४ मध्ये ती अट मागे घेतली गेली. म्हणजे लोकांनी प्लग बदलण्याऐवजी विमाच सोडला. आता ‘पीयूसी नाही तर पेट्रोल नाही’ अशी घोषणा आपल्याकडेही झाली आहे. त्यातून केंद्रांसमोर रांगा वाढतील आणि मिनिटाचं अर्धं मिनिट होईल, अशी मला रास्त भीती वाटते. दंड हा कागदाचा भाव वाढवतो, गाडीचा प्लग बदलत नाही. म्हणून कठोरपणा हवा तो केंद्रावर: नळी पूर्ण आत, फेऱ्या मोजलेल्या, यंत्राचं वेळोवेळी प्रमाणीकरण, आणि नापास गाडीला दंडाऐवजी दुरुस्तीला ठरावीक मुदत. ज्याचा दिवसभराचा मोठा खर्च इंधनावर होतो त्या टेम्पोवाल्याला नीट जळणाऱ्या इंजिनाचा फायदा आपल्यापेक्षा आधी कळतो. त्याला परवडत नाही ते खोट्या कागदासाठी दर खेपेला पैसे मोजणं आणि वर इंधनही वाया घालवणं.

तोवर वाचकांना एवढीच विनंती की मुदत संपायच्या आधी गाडी गॅरेजला दाखवा आणि प्रमाणपत्र घेतल्यावर ते घडी घालून कप्प्यात कोंबण्याआधी वाचा. त्यावर दोन रकाने असतात, मर्यादा आणि मोजमाप. बीएस-४ किंवा पुढच्या पेट्रोल मोटारीला नुसत्या चालू ठेवलेल्या इंजिनावर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन दहा लाखांत २०० भाग ही मर्यादा आहे. मागच्या वर्षीचा कागद शेजारी ठेवून बघा. आकडा चढला असेल तर मेकॅनिककडे जा. आणि दहा वर्षं जुन्या गाडीला सगळीकडे शून्य मिळालं असेल, तर मेकॅनिककडे जायची गरज नाही. केंद्रावर परत जा आणि नळी नक्की कोणाच्या गाडीत होती, ते विचारा.